रांगेच्या शेवटून

विद्यार्थ्यांचा गट घेऊन धबधब्यापर्यंत चालत जायचे असेल, तर शिक्षकाने रांगेत कुठे असावे या प्रश्नावर माझे मत आता पक्के झाले आहे. शिक्षकाने शेवटी चालावे. पुढे चालायला वाट ठाऊक असलेला जाणकार माणूस किंवा डोंगरात वावरलेला एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी पुरेसा होतो. मागे मात्र असे कोणीतरी लागते, ज्याला पोहोचण्याची घाई नाही, ज्याला पहिले येण्याचे श्रेय नको आहे आणि ज्याच्या मागे कोणी राहिलेले नाही याची सगळ्या गटाला खात्री आहे. धबधब्याच्या वाटेवर तर हे अधिकच जरुरीचे ठरते, कारण शिखर दुरून दिसत राहते आणि त्याच्याकडे पाहत पाहत माणूस आपला दम जोखत जातो. धबधबा मात्र बहुधा आधी ऐकू येतो आणि बराच वेळ दिसत नाही. आवाज कानावर पडला की पुढची मुले धावत सुटतात, आणि नेमक्या त्याच वेळी मागची मुले सर्वांत जास्त थकलेली असतात.

वेळेचा हिशेब करायला गिर्यारोहणात एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचे तर ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे जाण्याची वाट सहा किलोमीटरची आणि चढ तीनशे मीटरचा असेल, तर उत्तर येते एक तास बेचाळीस मिनिटे. हे उत्तर एकट्या, धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचे आहे. तीस जणांच्या गटासाठी मी त्याची सरळ दुप्पट करते, आणि तरीही ते कमीच पडेल अशी तयारी ठेवते. वाटेत एक ओढा दगडांवरून ओलांडायचा असेल आणि प्रत्येकाला त्यासाठी अर्धे मिनिट लागत असेल, तर एवढ्या एका ओढ्यापाशीच पंधरा मिनिटे जातात. त्यात कोणाची चूक नसते, कोणाचा आळस नसतो. म्हणून निघतानाच परत फिरण्याची वेळ ठरवून ती सगळ्यांना सांगायची, आणि त्या वेळी धबधबा दोन वळणे पुढे राहिला असला तरी मागे फिरायचे, हा नियम मला पोहोचण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो पाळायची वेळ येते तेव्हा मुले नाराज होतात, आणि त्यांनी व्हावेच.

शेवटी चालणाऱ्याला एक गोष्ट अशी दिसते, जी पुढे चालणाऱ्याला आयुष्यभर दिसणार नाही. पुढची तुकडी चढ संपवून एखाद्या झाडाखाली थांबते. पाणी पिते, गप्पा मारते, फोटो काढते. दहा मिनिटांनी शेवटचा मुलगा धापा टाकत तिथे येतो. तो दिसला की पुढच्यांना वाटते, चला, सगळे आले. आणि ते पाठपिशव्या खांद्यावर टाकून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्याच्या वाट्याला ती येतच नाही, आणि ज्यांना ती नको होती त्यांना ती भरपूर मिळते. पुढच्या थांब्यावर हेच, त्याच्या पुढच्या थांब्यावरही हेच. यात कोणी दुष्ट नसते. ‘आपण त्यांच्यासाठी थांबलो’ असे पुढचे अगदी प्रामाणिकपणे मानत असतात. पण प्रत्येक थांब्यागणिक मागच्याचा थकवा आणि पुढच्याचा उत्साह यांतले अंतर वाढत जाते, आणि गटातले बरेचसे अपघात, पाय मुरगळणे, तोल जाणे, चुकीच्या वाटेला लागणे, याच अंतरात घडतात.

असा थकलेला मुलगा ‘मी थकलो’ असे कधीच म्हणत नाही, निदान वर्गमित्रांच्या देखत तर नाहीच. तो बुटाची नाडी बांधायला वाकतो. एकदा एका मुलाच्या मागून चालताना माझ्या लक्षात आले की त्याची नाडी मुळी सुटलेलीच नव्हती. त्याने ती आधी सोडली, मग शांतपणे दुहेरी गाठ मारून पुन्हा बांधली, आणि गाठ नीट बसली का हे अंगठ्याने दाबून पाहण्यात आणखी चार श्वास मिळवले. पुढच्या चढावर दुसऱ्या बुटाची पाळी आली. मी काही बोलले नाही; शेजारच्या दगडावर बसले आणि बाटली उघडली. शिक्षिकाच बसली म्हटल्यावर त्याला बसायला हरकत उरली नाही. नंतरच्या थांब्यावर पुढची मंडळी उठू लागली तेव्हा मी सगळ्यांना पाच मिनिटे पुन्हा बसवले, आणि निघताना त्या मुलाला वाट दाखवणाऱ्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर उभे केले.

हा उपाय डोंगरात फिरणाऱ्यांना ठाऊक असतो, वर्गात शिकवणाऱ्यांना सहसा नसतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घेतले की रांगेचा वेग आपोआप त्याचा होतो, रांग तुटत नाही, आणि त्याला एकाकी पडून मागे राहण्याची नामुष्की सोसावी लागत नाही. चपळ मुले सुरुवातीला कुरकुरतात. ‘मॅडम, एवढ्या हळू चालून पाय दुखतात,’ असेही एकीने मला सांगितले, आणि तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण अर्ध्या तासात एक बदल जाणवतो: बोलणे सुरू होते. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते आहे, ही वेग योग्य असल्याची साधी खूण आहे. आधी फक्त पुढची तुकडी बोलत होती, आता सगळी रांग बोलते. आणि वर्गात एकमेकांच्या शेजारी कधी न बसलेली मुले निव्वळ रांगेतल्या क्रमामुळे तासभर एकमेकांशी बोलतात, हा मला या सहलींचा फार मोठा लाभ वाटतो. पाठमोऱ्या माणसाशी बोलणे सोपे असते की काय कोण जाणे.

धबधब्याजवळ आल्यावर काय करायचे आणि काय नाही, हे सगळे वाटेतच सांगून टाकावे लागते. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: तिथे पोहोचल्यावर तुमचे कोणाला ऐकू येत नाही. आवाज येतो तो मुख्यत्वे पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा. पाणी आपटताना हवा आत ओढली जाते, तिचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या आकाराप्रमाणे कंप पावतो. मोठ्याचा स्वर खालचा, लहानाचा वरचा. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये हे गणित मांडले. सर्व आकारांचे असंख्य बुडबुडे एकाच वेळी फुटत आणि बनत असल्यामुळे सगळे स्वर एकात एक मिसळतात, आणि माणसाची हाक त्यात बुडून जाते. त्यामुळे शिट्टीचे इशारे आणि हाताच्या खुणा आवाज सुरू होण्याच्या आधीच्या वळणावर ठरवायच्या, आणि नियम थोडे ठेवायचे. वीस नियम कोणी पाळत नाही. माझे तीन आहेत: धबधब्याच्या माथ्यावर कोणीही जायचे नाही, पाणी जिथे कोसळते त्या डोहात कोणीही उतरायचे नाही, आणि शिट्टी वाजली की जे हातात असेल ते टाकून काठ सोडायचा, कारण नंतर विचारायचे.

या नियमांमागची कारणे मात्र मी पूर्ण सांगते, कारण वीस वर्षांच्या मुलांना कारण न सांगता घातलेली बंदी म्हणजे आमंत्रणच. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून त्याची घनता कमी होते आणि ते माणसाला नेहमीसारखे उचलून धरत नाही. शांत तळ्यात सराईतपणे पोहणारा तिथे तसाच तरंगेल असे नाही. कोसळणारे पाणी खाली जाऊन वर वळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडे ओढते. थंड पाण्यात अचानक शिरल्यास पहिल्या काही क्षणांत श्वास आपोआप जोरात आत घेतला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येण्याचा काहीच उपयोग नसतो. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. घोट्याच्या जरा वर येणारे वेगवान पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकते. निसरड्या दगडांचे तर विचारूच नका. शेवाळाचा थर डोळ्यांना दिसण्याइतका हिरवा असेल तर माणूस सावध होतो, पण तो पातळ, काळपट आणि ओला असेल तर दगड नुसताच भिजलेला वाटतो.

काठावरच्या माणसाला पाण्याकडे पाहणे हे आणखी एक काम असते. पाऊस आपल्या डोक्यावर नसला तरी वरच्या अंगाला, डोंगरापलीकडे पडत असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज खोल झाला, मघाशी कोरडा असलेला दगड आता ओला दिसला, तर विचार करत बसायचे नाही. सगळे धबधबा पाहत असतात तेव्हा मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, सर्वांच्या मागे उभी राहते आणि काठाजवळचा एक कोरडा दगड मनात धरून ठेवते. अधूनमधून त्याच्याकडे पाहायचे. एवढेच काम, पण ते करणारा माणूस फोटोत येत नाही. आणि फोटोंबद्दल बोलायचे तर, ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या बातम्या गोळा करून केलेल्या एका अभ्यासात जगभरात सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू आढळले, आणि त्यांत बुडणे हे सर्वांत मोठे कारण होते. हा आकडा मी मुलांना सांगते. त्याने फोटो थांबत नाहीत, पण पाठ पाण्याकडे करून मागे सरकणे थांबते.

मग ती वेळ येते जेव्हा शेवटचे वळण संपते आणि सगळे जण एकदम गप्प होतात. इथे शिक्षकाला मोह होतो तो समजावून सांगण्याचा. मुले समोर आहेत, फळ्याहून भव्य असे काहीतरी समोर आहे, आणि आपल्याला थोडेफार ठाऊक आहे, जीभ सळसळते. मी ती आवरते. आवाजात ऐकू येत नाही हे निमित्त आहेच, पण खरे कारण वेगळे आहे: न सांगता मुलांना जे दिसते ते सांगून दाखवलेल्यापेक्षा किती तरी अधिक असते, आणि त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. पाच-दहा मिनिटे नुसते बसून पाहिले की कोणीतरी हमखास डोळे चोळते.

‘मॅडम, खडक वर चाललाय!’ असे एक मुलगी माझ्या कानाशी येऊन ओरडली. ती बराच वेळ एकाच जागी नजर लावून पडते पाणी पाहत होती, आणि मग बाजूच्या कोरड्या कड्याकडे वळली होती. तो कडा तिला हळूहळू वर सरकताना दिसत होता. सरकत होता आणि तरी जागेवरच होता, हे तिचे वर्णन मी अजून विसरले नाही, कारण ते तंतोतंत बरोबर आहे. रॉबर्ट ॲडम्स यांना स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी १८३४ मध्ये हेच दिसले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. तेव्हापासून दृष्टीचा अभ्यास करणारे या भासाकडे वळत आले आहेत. खाली जाणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी बराच वेळ काम करून मंदावतात, वर जाणाऱ्या हालचालीच्या पेशी ताज्या असतात, आणि स्थिर कड्याकडे पाहताना त्यांचे पारडे जड होते. हे मी तिला नंतर, परतीच्या वाटेवर सांगितले. तिथे मी एवढेच केले की तिला शेजारच्या चार जणांकडे पाठवले, आणि थोड्याच वेळात सगळा गट पाण्याकडे टक लावून बसला आणि मग एका इशाऱ्याने कड्याकडे वळला. इतक्या एकाग्रतेने माझ्या तासाला कोणी कधी बसले नाही.

ऊन तुषारांवर आले तेव्हा इंद्रधनुष्य उमटले, आणि त्यावरून दोन मुलांत भांडण लागले. एकाच्या मते त्याचे टोक मोठ्या शिळेवर टेकले होते, दुसऱ्याच्या मते डोहाच्या मधोमध. दोघेही खरे बोलत होते. सूर्य पाठीशी असताना आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून सुमारे ४२ अंशांवरच्या थेंबांतून तो प्रकाश आपल्या डोळ्यात येतो, म्हणून दोन जागी उभ्या असलेल्या दोघांचे थेंब निराळे आणि इंद्रधनुष्यही निराळे. त्यांनी जागांची अदलाबदल केली, तेव्हा टोकांचीही अदलाबदल झाली, आणि भांडण मिटण्याऐवजी अधिक रंगले.

ज्या शिळांवर आम्ही बसलो होतो त्या तिथे कशा आल्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मला तो विचारला जावा असे फार वाटत होते. अनेक धबधब्यांत वरचा खडकाचा थर टणक असतो आणि खालचा मऊ. पाणी आणि तुषार खालचा थर कोरत जातात, वरचा थर छज्जासारखा पुढे उरतो, आणि आधार संपला की तुटून खाली येतो. मग धबधबा थोडा मागे सरकतो. नायगाराचा धबधबा असा सुमारे बारा हजार वर्षांत अकरा किलोमीटर मागे गेला आहे. म्हणजे आपण ज्या दगडाला पाठ टेकून बसतो तो कधी काळी माथ्यावर असण्याची शक्यता बरीच असते. पडत्या धारेच्या मागच्या पोकळीत किंवा पुढे आलेल्या कड्याखाली थांबू नये, हा सल्लाही यातूनच निघतो.

एकाने मात्र परत निघताना अनपेक्षित प्रश्न केला: एवढ्या उंचीवरून पडून पाणी तापत नाही का? तापते. हा प्रश्न उष्णता आणि ऊर्जा यांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स जूल या शास्त्रज्ञांनाही पडला होता. १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्सच्या सहलीवर असताना भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांना ते भेटले, तेव्हा धबधब्याच्या माथ्याच्या आणि पायथ्याच्या पाण्याचे तापमान मोजण्याचा त्यांचा विचार चालला होता, अशी आठवण थॉमसन यांनीच सांगितली आहे. पडण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत गेली तर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढायला सुमारे ४२७ मीटर उंची लागते. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा ९७९ मीटर उंच आहे. तिथेही हिशेबाने सव्वादोन अंशांच्या आसपासच वाढ मिळेल, आणि तीही कागदावर, कारण वाटेत तुषार होऊन पाणी हवेत विरते आणि बाष्पीभवनाने थंडही होते. आमच्यासमोरचा धबधबा यांच्या तुलनेत अगदीच लहान होता. तरी त्या मुलाने दोन्ही ठिकाणचे पाणी हाताला कसे लागले असते यावर उतरणीभर विचार केला.

उतरण सोपी असते हा गैरसमज आहे. चढताना छाती भरते, उतरताना मांड्या आणि गुडघे भरतात. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना ज्या वेदना होतात त्या याच कामाच्या. शिवाय बघायचे ते बघून झालेले असते आणि लक्ष वाटेवर नसते. म्हणून उतरणीला मी रांग अधिक आवळते, प्रत्येकाला आपल्या पुढच्या आणि मागच्या माणसाची जबाबदारी देते आणि दर वळणावर मोजणी करते.

त्या दिवशी मात्र रांग आवळायची गरज पडली नाही, कारण सगळे जण धबधब्याच्या उंचीवरून वाद घालत एकमेकांना चिकटून चालले होते. एकाने पाण्याचा एक पुंजका नजरेने धरून तो तीन सेकंदांत खाली आल्याचे मोजले होते, आणि त्यावरून उंची ४४ मीटर काढली होती. दुसरीने हवेच्या विरोधाची आठवण करून दिली: फुटलेले पाणी मुक्तपणे पडत नाही, ते मागे रेटले जाते, म्हणून खरी उंची याहून कमी असणार. किती कमी, हे दोघांनाही ठरवता येईना. तिसऱ्याने शाळेतला उन्नत कोन काढला. पण पायथ्यापर्यंतचे अंतर कसे मोजणार, मध्ये तर डोह आहे? मग दोन जागांवरून कोन घेण्याची युक्ती निघाली: एकाच सरळ रेषेत, एकाच पातळीवर, माथा ४५ अंशांवर दिसेल ती जागा आणि मागे सरकून ३० अंशांवर दिसेल ती जागा, त्या दोन जागांमधल्या अंतराला साधारण १.३७ ने गुणले की डोळ्याच्या पातळीपासूनची उंची मिळते. कंपासपेटीतले दोन गुण्ये, ओळंब्यासाठी दोरा आणि दगड, आणि एक लांब टेप. यादी तयार झाली. मागे सरकायला तेवढी सपाट जागा आहे का यावर दोन गट पडले, आणि ४५ अंशांच्या जागी तुषारांत भिजत उभे राहून आकडे कोणी लिहायचे हे गाडीत बसेपर्यंत ठरले नव्हते.